सर, त्या चिकटपट्टीबद्दल

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

तुम्हाला कदाचित आठवतही नसेल. गेल्या वर्षी जूनमध्ये माझा मुलगा तुमच्या शाळेत आठवीला आला, तेव्हा त्याच्या दप्तरात गणिताच्या वहीचं एक पान होतं. फाटलेलं, दोन तुकडे. त्यावर त्याने आपल्या नाशिकच्या नदीपात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती काढली होती. गोदावरीला पूर आलेला आणि पाणी मारुतीच्या छातीला लागलेलं.

आधीच्या शाळेत ते पान भर वर्गात फाडलं गेलं. मला बोलावून सांगितलं, "याचं अभ्यासात लक्ष नाही." त्या शाळेच्या वेळापत्रकात चित्रकलेचा तास होता, पण वर्षभर त्या तासाला गणितच घेतलं. आणि मीही, खरं सांगते, घरी येऊन त्याचे रंग माळ्यावर टाकले. त्यानंतर कित्येक महिने पोराने पेन्सिल हातात धरली ती फक्त भूमितीपुरती.

दाखला द्यायला आले होते, म्हणून मी दारातच उभी होते. तुम्ही ते तुकडे टेबलावर जुळवलेत, तळहाताने सपाट केलेत. आता 'छान' म्हणाल नाहीतर चुका दाखवाल, असं मला वाटलं. तुम्ही कागद हलकेच पालथा केलात आणि चिकटपट्टी पाठीमागून लावलीत, त्याच्या रेघांवर येऊ नये म्हणून. मग विचारलंत, "कुठून बघितलंस?"

"पुलावरून."

"मग खाली तारीख टाक. हा कधीचा पूर, ते कळायला नको?"

सर, आपण नाशिककर पूर मोजतो तोच मुळी मारुतीवरून. कमरेला आलं, छातीला आलं, गळ्याला लागलं. माझ्या मुलाचं चित्र तुम्ही तसं साक्षीला धरलंत. त्या रात्री जेवता जेवता तो म्हणाला, "आई, रंग काढून देशील?" मला स्टुलावर चढताना रडू आलं.

आता ओळखीचे लोक विचारतात, चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला बसवणार ना, 'ए' ग्रेड आली तर दहावीला 7 गुण वाढतात. बसेल तो, पण त्या पानाचे गुण कुठल्या तक्त्यात धरायचे? 27 फेब्रुवारीला आपल्याकडे शाळाशाळांतून तात्यासाहेब शिरवाडकरांच्या फोटोला हार घालतात. दादासाहेब फाळके 1870 साली आपल्या त्र्यंबकेश्वरात जन्मले, सिनेमा काढण्याआधी मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये चित्रकला शिकले, हे मुलं भाषणात घडाघडा म्हणतात. आणि त्याच वर्गात वहीच्या कोपऱ्यात चित्र काढणारं पोर बाकावर उभं केलेलं असतं. याची मला फार चीड येते. मोठी साधनं लागत नाहीत हो. पोराने केलेली वस्तू मोठ्या माणसाने जपून हातात घ्यावी, एवढं पुरतं. तुम्ही घेतलीत. अशी सरळ मनाची माणसं शाळेत असतात, म्हणून आम्ही आया मुलांना निर्धास्त पाठवतो.

परवा धरणातून पाणी सोडलं. संध्याकाळी तो म्हणाला, "चल, पुलावर जाऊ." भुरभुर पाऊस होता. तो कठड्यापाशी उभा राहून काढत होता, आणि मी छत्री त्याच्या कागदावर धरली होती. पाणी या वेळी कमरेपर्यंतच होतं. खाली तारीख टाकली आहे. सोमवारी तो तुम्हाला दाखवायला आणेल.

आपली नम्र,
नववीतल्या एका मुलाची आई