म्हणे उंच जागी जा!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीत उन्हाळी पायी भटकंतीवर अर्धं पान दिलंत, आनंद झाला. टोपी घाला, दर वीस मिनिटांनी पाणी प्या, सगळं ठीक. पण शेवटच्या चौकटीत 'वणवा दिसल्यास त्वरित उंच जागी जावे' असं छापलंय, ते वाचून चहा कपातच निवला. लेखासोबतच्या फोटोत पाइनची झाडं आहेत. ती आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात नेमकी कुठे आहेत ते लेखकानं कळवावं, आम्ही जाऊन बघून येऊ.

आग चढावर पळते, संपादक महोदय. खालची ज्वाळ वरचं करड, म्हणजे वाळलेलं गवत, पेटण्याआधीच तापवून ठेवते, त्यामुळे चढ जितका उभा तितकी ती जोरात धावते. धापा टाकत चढणाऱ्या माणसाला ती सहज गाठते. ही अक्कल मला पुस्तकातून आलेली नाही.

गेल्या वर्षी मार्चात आम्ही पाच जण, सगळे साठीच्या आसपासचे, केरीहून सुर्ल्याकडे पायी जाणार होतो. सातला चढायला लागायचं ठरलं होतं, पण सकाळची बस न सांगता रद्द, पुढची नऊनंतर. (या बसबद्दल मी याच सदरात दोनदा लिहिलंय. एकदाच छापलंत, तेही अर्धं.) त्यामुळे ऐन बाराच्या उन्हात आम्ही गुडघाभर वाळल्या करडातून चाललो होतो. खाली काजूच्या बागेत धूर दिसत होता. बोंडू (काजूची फळं) टिपायला सोपं जावं म्हणून पाचोळा जाळतात, दरवर्षीचंच, म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. एकच्या सुमाराला खालून वारा सुटला आणि धूर आमच्या अंगावर आला. मागोमाग तडतड ऐकू यायला लागली.

आम्हीही वरच पळत सुटलो. तेवढ्यात बाजूच्या उतारावरून एक म्हातारी, डोक्यावर बोंडूंची बादली, हातात आकडी, जिवाच्या आकांतानं ओरडली, "वयर वचूं नाकात! लासल्ल्या जाग्यार येयात!" (वर जाऊ नका, जळलेल्या जागेवर या!) तिच्या पाठीमागे सकाळीच जळून गेलेला काळा पट्टा होता. तिथे आग परत कशाला येईल, खायला काय उरलंय तिला? पण तिकडे पोचायचं तर आधी धुराकडेच चालायचं होतं आणि पाय ऐकेनात. मध्ये एक घळ होती, गर्द सावलीची. आमच्यातला एक जण तिच्यात उतरायला निघाला, तर म्हातारीनं त्याला अशी शिवी हासडली की ती तुम्ही छापणार नाही. अशी घळ धुरांड्यासारखी आग वर ओढते, हे आम्हाला मागाहून कळलं. राखेत उभे राहिलो तेव्हा बुटांच्या तळव्यातून चटके बसत होते. ठिणग्या उडून एकाचा ड्रायफिट टी-शर्ट वितळला आणि खांद्याला चिकटला, माझ्या सुती सदऱ्याला नुसती भोकं पडली. तुमच्या लेखात 'घाम लगेच सुकवणारे सिंथेटिक कपडे' सुचवलेत.

आग कोणी लावली असं विचारलं, तर म्हातारी समोरच्या डोंगराकडे बघत राहिली. पैसे देऊ केले ते घेतले नाहीत, बादली मात्र आमच्याकडून खालपर्यंत वाहून घेतली.

मोबाइलला रेंज नव्हती. सड्याच्या (डोंगरमाथ्यावरच्या पठाराच्या) कडेला आल्यावर मिळाली तेव्हा वनखात्याच्या एका कार्यालयात फोन लावला. पलीकडून प्रश्न आला, "कुठल्या रेंजमधून बोलताय?" त्यांची रेंज रानाची, आमची मोबाइलची. समजावून सांगेपर्यंत हीही गेली. तुमच्या लेखकाचा सल्ला आहे, 'नजीकच्या रेंजर स्टेशनला कळवा.' जरूर.

म्हादईच्या रानावर २०२३ च्या मार्चात हेलिकॉप्टरनं पाणी ओतलं, तेव्हा तुम्हीच ते फोटो छापले होते. तामिळनाडूत कुरंगणीच्या डोंगरात ११ मार्च २०१८ ला वणव्यात सापडून वीसहून जास्त ट्रेकर गेले, तिथेही वाळलेलं गवतच होतं. हे सगळं ज्यांच्या टेबलावरून गेलं त्यांनी ती चौकट एकदा तरी डोळ्याखालून घालायची होती. भारतीय वन सर्वेक्षणाकडे नाव नोंदवलं की उपग्रहानं टिपलेल्या आगीचा इशारा मोबाइलवर येतो, ही एक ओळ तरी तिथे बसली असती. सनस्क्रीन कुठलं लावावं यावर सहा ओळी आहेत.

तेव्हा ती चौकट येत्या रविवारी त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात दुरुस्त करून छापावी. आणि जागा उरली तर माझ्या बसच्या पत्राचा राहिलेला अर्धा भागही.

आपला,
साखळीचा एक वाचक