आजोबा, तुमच्या वर्गात कोण कुठे बसायचं?

स्टुटगार्ट,
१५ नोव्हेंबर

ती. आजोबा,
साष्टांग नमस्कार.

आपण एक दिवसाआड व्हिडिओवर भेटतो, तरी हे पत्र लिहितेय. फोनवर मध्येच आजी येते, मग आई येते, मग चित्र अडकतं, आणि मला तुम्हाला जे विचारायचंय ते एका दमात विचारता येत नाही.

शाईच्या पेनाने लिहितेय. इथे मुलं लहान वर्गांपासून शाईनेच लिहितात. निळी शाई पुसणारं वेगळं पेनही मिळतं, एका टोकाने पुसायचं आणि दुसऱ्या टोकाने त्यावर लिहायचं. माझ्याकडे ते आहे, पण या पत्रात वापरलेलं नाही. खाडाखोड दिसू दे, असं तुम्हीच म्हणायचात.

शाळा पावणेआठला भरते. स्टुटगार्टचे लोक त्याला ‘ड्रायफिअर्टल आख्ट’ म्हणतात, म्हणजे पाऊण आठ. सव्वासात म्हणजे ‘फिअर्टल आख्ट’, पाव आठ. हाम्बुर्गहून आलेली माझ्या वर्गातली मुलगी जर्मन असूनही यात गोंधळते, मला मात्र ते लगेच कळलं. फक्त साडेसातने फसवलं. ‘हाल्प आख्ट’ म्हणजे अर्धा आठ, म्हणजे साडेसात. मी पहिल्याच महिन्यात पोहायच्या तासाला साडेआठला जाऊन उभी राहिले. आणि आकडे! एकवीसला हे ‘एक आणि वीस’ म्हणतात, बावीसला ‘दोन आणि वीस’. जर्मन शिकायच्या वर्गात माझ्याबरोबर वेगवेगळ्या देशांतली मुलं होती. ज्यांच्या भाषेत वीस आधी आणि एक नंतर येतो, ती कितीतरी दिवस उलटसुलट आकडे लिहीत होती. मी तुमची पावकी-निमकी, म्हणजे पाव आणि अर्ध्याचे पाढे, म्हणत वाढलेली. दीडला इथेही स्वतंत्र शब्द आहे, ‘आंडरथाल्ब’. तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा तुमची इतकी आठवण आली.

आता मुख्य गोष्ट.

गेल्या वर्षी इतिहासात मला लेखी परीक्षेत २ मिळाले आणि तोंडीत ५. इथे १ सगळ्यात चांगला आणि ६ सगळ्यात वाईट, तेव्हा ५ म्हणजे काय ते तुम्हाला कळेल. तोंडी म्हणजे वेगळी परीक्षा नसते. वर्षभर रोजच्या तासाला तुम्ही वर्गात किती आणि काय बोललात, त्याचे ते गुण. आमच्या इतिहासाच्या बाई त्याला निम्मं वजन देतात. मी वर्षभर गप्प बसले होते. बाईंनी मला थांबवून विचारलं, “तुला येतं, हे तुझ्या पेपरात दिसतं. मग सांगत का नाहीस?” मी म्हटलं, पूर्ण खात्री झाल्याशिवाय कशी बोलू? त्या म्हणाल्या, खात्री झाल्यावर तू पेपरात लिहितेसच. वर्गाला तुझा विचार चालू असतानाच हवा असतो.

त्या रात्री मला झोप आली नाही. पुण्याच्या शाळेत मी ‘शांत मुलगी’ म्हणून शाबासकी मिळवली होती. हाताची घडी, तोंडावर बोट. गप्प बसणं हाच चांगुलपणा असं मला खरोखर वाटत होतं. इथे बोट तोंडावर ठेवत नाहीत, वर करतात. बोलायचं असलं की फक्त तर्जनी वर. मी आले तेव्हा आपल्या सवयीने पंजा उघडा ठेवून हात सरळ पुढे ताणला, तर शेजारच्या मुलीने माझी चार बोटं हळूच मिटवली. नंतर तिने सांगितलं, तसा ताठ हात हा हिटलरचा सलाम दिसतो, आणि तो करणं इथे कायद्याने गुन्हा आहे. मला माहीत नव्हतं हे तिला कळत होतं, तरी ती घाबरली होती.

नववीला इतिहासात तोच काळ असतो. आजोबा, हे लोक तो ज्या तऱ्हेने शिकवतात, ते तुम्हाला एकदा वर्गात बसवून दाखवायला हवं. ‘तेव्हा वाईट लोकांचं राज्य होतं’ असं म्हणून सोडत नाहीत. आपल्या गल्लीत काय झालं, इथून सुरुवात करतात. किलेसबेर्गच्या बागेतली फुलं आम्ही तुम्हाला व्हिडिओवर दाखवली होती ना? १९४१ साली स्टुटगार्ट आणि आसपासच्या सुमारे हजार ज्यू माणसांना आधी तिथे गोळा केलं आणि १ डिसेंबरला नॉर्डबानहोफ स्टेशनवरून गाडीत घालून लाटव्हियातल्या रीगाला पाठवलं. त्यातले फारच थोडे परत आले. ते रूळ अजून तसेच ठेवलेत. बाजूच्या भिंतीवर नावं आहेत, पुढच्या गाड्यांतून नेलेल्यांचीही. आम्हाला तिथे नेलं तेव्हा कोणी भाषण केलं नाही. एकेकाने भिंतीजवळ जाऊन वाचायचं, एवढंच.

आणि रस्त्यांवर पितळी दगड आहेत. तळहाताएवढा चौकोन, फूटपाथमध्ये बसवलेला. हिटलरच्या राजवटीत नेलेला माणूस जिथे शेवटचा स्वतःच्या मर्जीने राहत होता, त्या घरासमोर. ‘इथे राहत होती’, मग नाव, जन्मसाल, कधी नेलं, कुठे मारलं. गुंटर डेम्निग नावाच्या कलाकाराने १९९० च्या दशकात हे सुरू केलं, आता युरोपभर एक लाखाहून जास्त दगड झालेत. त्यांचं जर्मन नाव ‘श्टोल्परश्टाइन’, ठेच लागणारा दगड.

९ नोव्हेंबरला लोक हे दगड घासून लख्ख करतात आणि शेजारी मेणबत्ती लावतात. १९३८ मध्ये त्या रात्री देशभर ज्यूंची प्रार्थनामंदिरं जाळली, स्टुटगार्टचंही जाळलं. यंदा आमचा वर्ग गेला होता. माझ्या वाट्याला आलेला दगड एका शाळकरी मुलीचा होता. गुडघे टेकून घासताना आजीचे हात आठवत होते, देवांची भांडी चिंचेने घासतानाचे. काळपट पितळ उजळत गेलं तसं एकेक अक्षर वर आलं, आणि जन्मसालावरून मी हिशेब केला. तिला नेलं तेव्हा ती माझ्याएवढी होती.

दुसऱ्या दिवशी बाईंनी सांगितलं की १९३८ सालच्या १५ नोव्हेंबरला, म्हणजे मी हे पत्र लिहितेय त्याच तारखेला, हुकूम निघाला होता: ज्यू मुलांनी जर्मन शाळेत यायचं नाही. त्याआधीही कितीतरी वर्गांत त्यांना वेगळ्या बाकावर बसवत असत. मग त्यांनी विचारलं, या वेगळ्या बाकाबद्दल कोणाला काही म्हणायचंय?

माझं बोट वर गेलं. काय बोलणार ते ठरलेलं नव्हतं, जर्मन वाक्यसुद्धा तयार नव्हतं. मी म्हटलं, “आमच्याकडे गोणपाट होतं.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. गोणपाटाला जर्मन शब्दही मला येत नव्हता, मी फळ्यावर चित्र काढलं. साताऱ्याच्या राजवाड्याजवळची ती शाळा तुम्हीच मला दाखवली होती, मी तिसरीत होते. भिवा रामजी आंबेडकर, ७ नोव्हेंबर १९००, रजिस्टरला १९१४ क्रमांक, हे तुम्ही मला पाढ्यासारखं पाठ करून घेतलं होतंत. पुण्याच्या शाळेत आम्ही ७ नोव्हेंबरला विद्यार्थी दिवसाचा निबंधही लिहायचो. मी वर्गाला सांगितलं की त्या मुलाला वेगळं बसावं लागायचं, बसायचं गोणपाट रोज घरून आणावं आणि घरी न्यावं लागायचं, कारण शाळा झाडणारा माणूससुद्धा त्याला हात लावत नसे. शाळेच्या शिपायाने पाणी ओतलं तर प्यायचं, शिपाई नसला तर तहानलेलं राहायचं. बाबासाहेबांनी स्वतः हे लिहून ठेवलंय. माझी विभक्ती चार ठिकाणी चुकली असेल. कोणी हसलं नाही. बाईंनी एवढंच सांगितलं की दोन दुःखं एका तागडीत घालून तोलायची नाहीत, दोन्हीकडे नीट बघायचं.

मग एका मुलाने, त्याचे आजोबा इटलीहून इथे कामगार म्हणून आले होते, मला विचारलं, “आणि तुझ्या आजोबांच्या वर्गात?”

मला उत्तर देता आलं नाही.

आमच्या शाळेत वर्षातून एकदा आपल्या आवडीच्या एका विषयात स्वतः शोधून मोठं सादरीकरण करावं लागतं, ते लेखी परीक्षेच्या बरोबरीचं धरतात. मी इतिहास घेतलाय आणि विषय हाच. पण शंभराहून जास्त वर्षांपूर्वीचं तर मी वाचून सांगेन. तुमच्या वर्गाचं कुठे वाचायचं?

तुम्ही एकदा गच्चीवर तुमच्या गावच्या शाळेतल्या एका मुलाबद्दल सांगत होतात. तोंडी हिशेबात तुमच्याही पुढे असायचा. चौथीनंतर तो दिसला नाही, एवढं म्हणालात आणि तुळशीला पाणी घालायला उठलात. पाणी सकाळीच घातलेलं होतं. मी तेव्हा पुढे विचारलं नाही, कारण मोठे गप्प झाले की आपण गप्प व्हायचं, हे मला चांगलं शिकवलेलं होतं.

आता विचारते. तो कुठे बसायचा? तुमच्या रांगेत की दाराशी? शाळेच्या माठातलं पाणी त्याला स्वतः घेता यायचं का? गुरुजी त्याची पाटी हातात घेऊन तपासायचे की लांबून? चौथीनंतर तो का दिसला नाही, हे कोणी विचारलं का? आणि तुम्ही स्वतः गुरुजी झालात तेव्हा तुमच्या वर्गात काय बदललंत?

आजोबा, तुम्हाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायला मी हे विचारत नाहीये. तुम्ही तेव्हा आठ-नऊ वर्षांचे होतात. माझ्या वर्गातल्या मुलांनीही आपापल्या घरी पणजोबांबद्दल विचारलंय. काहींना उत्तर मिळालं, काहींच्या घरी आजी रडली. मला वाटतं, तुम्ही सांगाल. तुम्हाला वर्गात नाव न घेता सांगू का, तेही कळवा. तुम्ही म्हणाल तसंच करीन.

सादरीकरण जानेवारीत आहे, तेव्हा सावकाश लिहा. माझं तोंडीचं आता ३ वर आलंय, बाबांना अजून सांगितलेलं नाही, तुम्हाला आधी. आजीला म्हणावं, थंडी आहे पण मी कानटोपी घालते. गुडघ्याला तेल लावून घेत जा.

पत्राला वेळ लागेल. त्या मुलाचं नाव आठवत असेल, तर तेवढं मात्र रविवारी फोनवर सांगा.

तुमची,
सोनी