मोजणं सोडवलंत, नाना!

तीर्थस्वरूप नाना,
शि. सा. नमस्कार.

आमच्या बँडला तुम्ही ताल शिकवलात, त्याचे समोर बसून आभार मानले असते, तर "चहा घे आन् वाजव" म्हणून तुम्ही विषयच संपवला असता. म्हणून हे जाहीर पत्र. शिवाय धुळ्या-जळगावकडची बरीच पोरं हल्ली मोबाइलवर बघून बघून ७/८ नि ५/४ अशा सात-पाच मात्रांच्या पाश्चात्त्य ठेक्यांमागे लागलीत. त्यांच्याही कानावर हे जावं.

आमच्या बँडनं आखाजीवर, म्हणजे आपल्या खानदेशी अक्षय्य तृतीयेवर, एक अहिराणी गाणं बांधलं, सात मात्रांत. विभागणी दोन-दोन-तीन. ड्रमर क्लिक ट्रॅकवर, म्हणजे कानातल्या टिकटिकीवर, काटेकोर वाजवायचा, तरी ऐकणाऱ्याला अंधारात जिन्याची पायरी हुकल्यासारखं व्हायचं. धुळ्याच्या देवपुरात तुमच्या ओट्यावर लॅपटॉप उघडून ते ऐकवलं. तुम्ही ड्रमरकडे बघितलंत आणि म्हणालात, "तुनं डोकं मोजस, हात ऐकत नही."

मग लॅपटॉप बंद, आणि सगळ्यांनी टाळ्या द्यायच्या. 'आखाजी ऊनी वं'. आ-खा-जी तीन, ऊ-नी दोन, वं आणि त्याचा लांबवलेला सूर मिळून दोन. शब्द आधीपासूनच रूपक तालात, म्हणजे तीन-दोन-दोनच्या सात मात्रांत होते, आम्हीच तीनचा तुकडा शेवटी ढकलला होता. तो पुढे आला आणि 'खाली' कशी द्यायची तेही तुम्ही दाखवलंत : पहिल्या मात्रेला टाळी नाही, तळहात उलटा, टाळ्या चौथ्या नि सहाव्या मात्रेवर. ड्रमसेटवर बसलेल्या पोराला 'एक' आला की बेस ड्रम हाणायचीच सवय असते. तुम्ही तो ठोका समेवरून, म्हणजे पहिल्या मात्रेवरून, काढून चारावर नि सहावर ठेवायला लावलात. आखाजीच्या झोक्याला जो हेलकावा हवा, तो तिथं आला.

तिहाईसुद्धा (एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर यायचं) तुम्ही हिशेबानं सुरू केली नाहीत. 'तिट धा ऽ, तिट धा ऽ, तिट' एवढ्यात सात मात्रा भरल्या ('तिट' एक, 'धा' एक, 'ऽ' एक), पुढचा 'धा' समेवर. तीन-तीनचे तुकडे तीन-दोन-दोनच्या खणांना आडवे कापत जातात आणि तरी सम अचूक सापडते. आमचा बेसवाला हे आता रस्त्यानं चालताना पुटपुटतो. घरचे काळजीत आहेत.

खरी गंमत तीनावर चारची : तेवढ्याच वेळात हाताचे तीन ठोके नि पायाचे चार. इंटरनेटवर याला पॉलिरिदम म्हणतात आणि शिकवताना बारा चौकोनांचा तक्ता काढून देतात. तक्ता बरोबरच असतो : हात पहिल्या, पाचव्या, नवव्या घरात, पाय पहिल्या, चौथ्या, सातव्या, दहाव्या घरात. पण तक्त्याकडे बघून हात-पाय सुटे होत नाहीत. तुम्ही पायानं चार धरायला लावलेत, हातानं तीन, आणि दोन्ही मिळून जो एकच बोल तयार होतो तो तोंडानं म्हणायला लावलात. त्यातली अंतरं तीन, एक, दोन, दोन, एक, तीन. उलटं वाचलं तरी तेच! हे तुम्हाला सांगितलं तर तुम्ही फक्त हसलात.

तुमच्या पिढीला हे सोपं जात असावं, असं माझं मत आहे, कारण तुम्ही सवायकी-दिडकी, म्हणजे सव्वाचे नि दीडचे पाढे, पाठ केलेले. तालातल्या लयीही तशाच : दोनाचे दीडपट तीन म्हणजे आड, चाराचे सव्वापट पाच म्हणजे कुआड, चाराचे पावणेदोनपट सात म्हणजे बिआड. आम्हाला अपूर्णांक कागदावर येतात, जिभेवर नाही.

आणि ते पाच मात्रांचं जॅझ, 'टेक फाइव्ह'! पॉल डेझमंडनं रचलेलं, डेव्ह ब्रुबेकच्या चौकडीनं १९५९ साली वाजवलेलं. आम्ही ते मोठ्या कौतुकानं लावलं. तुम्ही मांडीवर तीन-दोन, तीन-दोन धरलंत आणि म्हणालात, अर्धा झपताल आहे, फक्त उलटा. झपताल दहा मात्रांचा, त्याच्या अर्ध्यात दोन-तीन, इथे तीन-दोन. नंतर मात्र पुन्हा लावायला सांगितलंत आणि सॅक्सोफोन संपेपर्यंत बोलला नाहीत.

एका गोष्टीवर आपलं जमलेलं नाही. गिटारनं सातात फिरायचं, ढोलकीनं आठ मात्रांच्या केरवा तालात. मात्रा एकच, आवर्तनं (तालाचे पूर्ण फेरे) वेगळी. दोघं ५६ मात्रांनी भेटतात : रूपकाची आठ आवर्तनं, केरव्याची सात. तुम्ही म्हणता, ऐकणाऱ्याला तिथपर्यंत बसवायचं तर चाल तेवढी गोड पाहिजे. मी म्हणतो, भेटीचा तो एक धक्का मिळाला तर लोक बसतील. यावर वाद चालू ठेवू.

तुम्ही फी घेतली नाही, भजनाची तालीम सोडून आमच्यासाठी वेळ काढला, आणि एकदाही 'हे काय इंग्रजी खूळ' म्हणाला नाहीत. त्याबद्दल मनापासून आभार, नाना. आमच्या वयाच्या पोरांना ही वागणूक फार थोड्या ठिकाणी मिळते.

रेकॉर्डिंगला ढोलकी तुम्हीच वाजवायची, हे चौघांनी मिळून ठरवलंय. नाही म्हणू नका. रविवारी गाडी घेऊन येतो. ढोलकी मी मागे मांडीवर धरीन, तुम्ही ड्रमरशेजारी पुढं बसा. वाटेत त्याच्याकडून नऊ मात्रांचा मत्तताल म्हणून घ्या, त्याचा पाठ झालाय असं तो सांगतो.

आपला,
गिटारवाला