शिमगा झाला की तिठ्यावर ट्रायल घेतोय, हात आणि मदत दोन्ही हवंय

मंडळी नमस्कार. बाजारातले दुकानदार, रिक्षा स्टँडवाले, शाळेतल्या पोरांचे पालक आणि चार रिटायर मंडळी असे आपण सगळे मिळून तिठ्यावर, म्हणजे तीन रस्ते मिळतात त्या नाक्यावर, रस्ता ओलांडणं सुरक्षित व्हावं या कामाच्या मागे लागलोय हे बऱ्याच जणांना माहित आहेच, पण आता काम अशा ठिकाणी आलंय की फक्त निवेदन देऊन भागणार नाही म्हणून हे सविस्तर लिहितोय, जरा शेवटपर्यंत वाचा आणि मुंबईच्या चाकरमान्यांना पण पाठवा.

तिठ्यावर काय होतं ते रोज जाणाऱ्याला सांगायला नको. हायवेकडून येणारी गाडी उताराच्या जोरात येते, बंदराकडे वळायचं तिथला कोपरा एवढा मोकळा आणि पसरट आहे की ब्रेकवर पाय न ठेवता वळता येतं, आणि नेमकं त्याच वळणावर पोरं शाळा सुटल्यावर रस्ता ओलांडतात. मेडिकलच्या पायरीवर दुपारी जरा उभे राहून बघा. म्हाताऱ्या बायका पिशवी घेऊन उभ्या असतात, एक गाडी जाते, दुसरी जाते, एक पाय खाली टाकतात परत वर घेतात, मग कोणीतरी रिक्षावाला उतरून हात करतो आणि "मेल्या, हळू चलव मां" म्हणून ओरडतो तेव्हा कुठे त्या पलीकडे पोचतात. आणि तीन चाकी सायकलवरून येणाऱ्यांसाठी तर रस्ताच नाही, कारण गटारावरची फरशी रस्त्यापासून वीतभर वर आहे, उतार कुठेच नाही, म्हणून ते भर ट्रॅफिकमधून लांबचा वळसा घेऊन बँकेत जातात. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा 2016 चा आहे, पण आपल्या बँकेच्या दारात अजून साधा उतार नाही!

बैठकीत दोन सूचना सारख्या येतात त्याबद्दल स्पष्ट बोलतो. पहिली, सिग्नल लावा. आपल्याकडे पावसात लाईट किती वेळा जाते ते बघता बंद पडलेला सिग्नल जास्त धोक्याचा, कारण प्रत्येकाला वाटतं आपलीच पाळी. दुसरी, मध्ये मोठं सर्कल करून कारंजं बसवा. एसटीची लांबी 11-12 मीटर असते, वळताना तिचं मागचं चाक पुढच्यापेक्षा बरंच आतून जातं, एवढ्याशा जागेत सर्कल केलं तर एसटी तरी अडकणार नाहीतर माणसाला उभं राहायला जागा तरी जाणार. आमचं म्हणणं, मुळात गाडीचा स्पीड कमी झाला पाहिजे, बाकी सगळं नंतर. स्पीड दुप्पट झाला की ब्रेक मारल्यावर गाडी थांबायला चौपट अंतर लागतं, आणि ओल्या रस्त्यावर त्याहून जास्त, हे शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी बैठकीत फळ्यावर काढून दाखवलं तेव्हा सगळे गप्प झाले होते.

आता प्लॅन. बंदराकडचा कोपरा आत घेऊन वळण आवळायचं म्हणजे गाडीला हळू व्हावंच लागेल, आणि कोपऱ्याच्या कडेला जांभ्याचा बुटका पट्टा द्यायचा ज्याच्यावरून एसटीचं मागचं चाक जाऊ शकेल पण कारवाला तिथे चाक घालणार नाही. हायवेच्या बाजूला रस्त्याच्या मध्ये एक छोटा कट्टा, म्हणजे एका वेळी एकाच बाजूची गाडी बघून अर्धा रस्ता ओलांडायचा, कट्ट्यावर थांबायचं, मग उरलेला. हा कट्टा निदान दोन मीटर रुंद हवा, नाहीतर सायकल किंवा बाबागाडी त्यात मावत नाही. झेब्रा क्रॉसिंग फूटपाथच्या लेव्हलला उचलून घ्यायचं. आणि तो सध्याचा स्पीडब्रेकर काढायचाच, गरोदर बाईला रिक्षातून त्याच्यावरून नेणं म्हणजे शिक्षा आहे. इंडियन रोड्स काँग्रेस म्हणजे देशातल्या रस्त्यांची मापं ठरवणारी संस्था, तिच्या नियमात 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटीमीटर उंच असा सावकाश चढउताराचा स्पीडब्रेकर सांगितलाय, त्याच्यावरून 25 च्या स्पीडने गाडी आरामात जाते. आपल्याकडे डांबर उरलं की ओतला ढीग असं झालंय. फूटपाथवर पण चालायला 1.8 मीटर मोकळी जागा हवी असं त्यांच्याच नियमात आहे, आपल्याकडे काही ठिकाणी एक माणूस आडवा होऊन जातो.

मासेवाल्या बायकांना तिथून उठवायचा विषय नाही हे आधीच सांगतो कारण तशी अफवा पसरलीय. त्या तिथेच बसणार. त्यांच्यासाठी चालायच्या पट्ट्याच्या आतल्या बाजूला ओटा आणि मासळीचं पाणी थेट गटारात जाईल अशी चर, कारण ते पाणी रस्त्यावर येऊन बाईकवाले घसरतात. त्यांच्याशी दोनदा बसून बोलणं झालंय, ओट्याची उंची त्यांनीच ठरवून दिलीय.

पण हे सगळं कागदावर. सिमेंट ओतल्यावर चुकलं म्हणून फोडायला कोणी येत नाही, म्हणून शिमगा झाला की पंधरा दिवस ट्रायल घ्यायची, चुन्याच्या रेषा, वाळूची पोती आणि ट्रॅफिकचे कोन लावून जसं पुढे होणार तसंच मांडून ठेवायचं आणि बघायचं. पालखीच्या दिवसात काहीच ठेवणार नाही. तोंडी होकार मिळालाय, लेखी परवानगी हातात आल्याशिवाय एक पोतं पण टाकणार नाही. डेपोतले ड्रायव्हर रात्री शेवटची गाडी सुटल्यावर रिकामी एसटी वळवून दाखवायला तयार आहेत, आग विझवायचा बंब आणि आंब्याचा मोठा टेम्पो पण वळवून बघायचा आहे. ट्रायलचा रिपोर्ट जोडून प्रस्ताव पावसाआधी द्यायचा, पक्कं काम दिवाळीनंतर. गटाराच्या फरशीला उतार करायचं काम मात्र पावसाआधीच उरकायचं, शेवाळ धरलं की ती फरशी चालत्या माणसाला पण पाडते.

तर काय हवंय. वाळूची रिकामी पोती, जुने टायर, चुना. कोन भाड्याने आणायला, चार रात्री रिफ्लेक्टर जॅकेट घालून उभं राहणाऱ्यांच्या चहापाण्याला, आणि त्या उतारांच्या सिमेंट-मजुरीला पैसे हवेत. शंभर दिले तरी पावती मिळेल, पावतीशिवाय कोणी पैसे घेतले तर देऊ नका आणि आम्हाला सांगा. जमा किती, खर्च किती, दर रविवारी मेडिकलच्या बाजूच्या बोर्डावर लागेल. पांढरे पट्टे मारायला साधा रंग नको, तो आपल्या पावसात एका सीझनमध्ये जातो, गरम करून ओततात तो थर्मोप्लास्टिक हवा, तो महाग आहे, त्यासाठी मुंबई-पुण्याच्या मंडळींनी मोठा वाटा उचलावा अशी विनंती. तुमच्यात कोणी सिव्हिल इंजिनिअर, आर्किटेक्ट असेल तर आमचा नकाशा ऑटोकॅडमध्ये नीट काढून द्या, हे काम पैशापेक्षा जास्त अडलंय.

पैसे नसतील तर वेळ द्या. सकाळी शाळेच्या वेळी आणि संध्याकाळी बाजाराच्या वेळी गाड्या आणि माणसं मोजायला जोडीजोडीने मुलं-मुली हवीत, दहावी-बारावीवाल्यांना नको, त्यांची परीक्षा आहे.

दुकानदारांना वेगळी विनंती, ट्रायलच्या पंधरा दिवसात दुकानाबाहेरचा स्टँड आणि फळी आत घ्या आणि स्वतःची बाईक कोपऱ्यावर लावू नका, वळणावर उभी गाडी असली की समोरून येणारं पोर दिसतच नाही. गिऱ्हाईक कमी झालं का वाढलं ते तुम्हीच लिहून ठेवा, ते पण रिपोर्टमध्ये घालू, विरोधात असलं तरी.

येत्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता देवळाच्या सभामंडपात तिठ्याचा मोठा नकाशा लावतोय. टिकल्यांची पाकिटं ठेवलेली असतील, जिथे तुम्ही किंवा घरातलं कोणी अपघातातून थोडक्यात बचावलंय तिथे एक लाल टिकली लावायची. घरातल्या आजी-आजोबांना आणि पोरांना घेऊन या, त्यांना माहित असलेल्या जागा आपल्याला माहित नसतात. ज्यांना चालता येत नाही त्यांना आणायला दोन रिक्षावाल्यांनी फुकट फेऱ्या कबूल केल्यात, शनिवारपर्यंत स्टँडवर नाव सांगून ठेवा. पोती आणि टायर त्याच दिवशी सभामंडपाच्या मागे आणून टाकले तरी चालतील.