आरवबद्दल, आणि चक्क आईंच्या बाजूने

प्रिय मंजे,

इथे रात्री जरा निवांत होते तेव्हा तू डब्याच्या घाईत, म्हणून हे लिहितेय. तब्येती ठीक, आईंचा गुडघा आहे तसाच.

आरव दोनचा झाला तरी शब्द नाही, हाक मारली तरी बघत नाही, म्हणून डॉक्टरांनी अर्ली इंटरव्हेन्शनला, म्हणजे वाढीत मागे पडणाऱ्या लहानग्यांसाठीच्या सरकारी मदतीला, नाव द्यायला सांगितलं. आईंचं एकच, याचा बापही उशिराच बोलला (आता थांबत नाही तो भाग वेगळा). इथे अमेरिकेत तीन वर्षांखालच्या अशा मुलांसाठी कायदाच आहे, नाव गेलं की ४५ दिवसांत तपासणी आणि प्लॅनची पहिली मीटिंग, तपासणी फुकट, माणसं घरी येतात. समीरला वाटलं सरकारी मदत घेतली की ग्रीनकार्ड अडकणार. तसं काही नसतं, ही मदत त्यात धरतच नाहीत, तरी फॉर्म फ्रिजवर पडून होता.

तर शेवटी तपासणीच्या बाई आल्या. चमच्याने स्वतः खातो? नाही. एकटा झोपतो? नाही. आई वरणभाताची वाटी घेऊन दारात, आणि ह्या खाली मान घालून नाही-नाही लिहितायत. अगं त्याला कधी चमचा दिलाच नाही तर तो खाणार कसा! वर जाताना म्हणे घरात फक्त इंग्रजी बोला, दोन भाषांनी गोंधळतो. ऑटिझम असला तरी दोन भाषांनी नुकसान होत नाही असं संशोधन सांगतं, आणि शक्य तिथे तपासणी घरच्या भाषेत करायची हे कायद्यातच आहे, पण आईंनी ते ऐकलं आणि त्याच्याशी बोलणंच बंद केलं. चकलीच्या भाजणीवरून मी तुझं डोकं खाल्लं होतं ना, तीच मी त्या रात्री त्यांच्यासाठी रडले. हस तू.

थेरपिस्ट बदलून मागितली. ही प्यूर्टो रिकोची, आल्या आल्या जमिनीवर बसली आणि आईंना म्हणाली, कसं भरवता दाखवा. आता चिऊचा घास समोर धरून थांबायचं, त्याने बघितलं की द्यायचा. आई इतक्या थांबतात की भात गार होतो. पण बघतो गं, कधीकधी.

तिसऱ्या वाढदिवसाला हे बंद, पुढे शाळेच्या ताब्यात, तिथे आईंना कोण विचारणार? समीर म्हणतो पुण्याला परत जाऊ. तुझ्या वर्गात अशी मुलं आहेत ना, त्यांचं काय होतं, खरं लिही, मला बरं वाटावं म्हणून नको.

प्रमोशनचं अभिनंदन, ओंकारला दहावीसाठी बेस्ट लक. आणि कोकण ट्रिपला गाडी तूच चुकवलीस, मी नाही.

तुझी,
वैदू