आधी वाफसा बघा, मग लॉन

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत घरच्या लॉनवर लेख आला होता, फोटो झकास होता, पण 'रोज सकाळ-संध्याकाळ भरपूर पाणी द्या' असं जे लिहिलंय ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. हा सल्ला कुठल्या मातीसाठी आहे तेवढं एकदा छापा, कारण आमच्या सांगलीच्या काळ्या मातीत असं केलं तर लॉन राहू दे, भातच लावावा लागेल.

मी शामरावनगरला राहतो, घरापुढं 350 स्क्वेअर फूट मोकळी जागा आहे. घर बांधलं तेव्हा हौसेनं नर्सरीतनं तयार लॉनच्या लाद्या आणून अंथरल्या, वास्तुशांतीच्या फोटोत अंगण काय दिसतंय म्हणून सांगू, आणि तीन महिन्यांत सगळं पिवळं. का ते फार उशिरा कळलं. त्या लादीला खाली इंच-दीड इंच मातीची वडी असते, मुळं तेवढ्यातच गुरफटलेली, आणि वडीखाली आमची काळी माती, तीपण बांधकामात तुडवून दगड झालेली, वर गवंड्यांनी उरलंसुरलं सिमेंट ओतलेलं. मुळं खाली जाणार कुठं? त्यात बोअरचं पाणी, बादलीला पांढरी खपली धरते एवढे क्षार. आणि मी काय करत होतो, तर पिवळं दिसलं की पाणी, अजून पिवळं झालं की अजून पाणी. शेवटी युरिया टाकला. 1000 स्क्वेअर फुटाला किलोभर युरिया खूप झाला, म्हणजे मला 350 ग्रॅम, मी दोन किलो फेकला, तोही भर दुपारी ओल्या पात्यांवर. चार दिवसांत लॉन करपलेल्या पापडासारखा.

मग 2019 चा ऑगस्ट आला. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट, त्या वेळी पाणी 57 च्या वर गेलं होतं हे सांगलीकरांना काय सांगायचं. आम्ही परत आलो तेव्हा अंगणभर गाळ, लॉनच्या नावानं जे काय होतं ते त्याच्याखाली. महिन्याभरानं त्यातनं दोनच गोष्टी वर आल्या, लव्हाळा आणि हरळी, म्हणजे गणपतीला वाहतो त्या दूर्वा. महापुरात लव्हाळा वाचतो हे शाळेत ऐकलं होतं, दारात बघायला मिळालं. लव्हाळा नुसता उपटला तर खाली गाठ राहते आणि तिथनं परत फुटतो, म्हणून मी तणनाशक मारलं, नेमकं वाऱ्याच्या दिवशी, शेजारच्या वहिनींची टोमॅटोची रोपं मुरडली, ते त्या अजून ऐकवतात. शेवटी पाऊस थांबला की वाफशावर, म्हणजे माती ओलसर पण हाताला चिकटत नाही अशा वेळी, खुरपं घेऊन गाठीसकट काढत बसलो, दोन वर्षं गेली त्यात.

हरळी मात्र ठेवली. पलूसकडचे मामा आले आणि कपाळाला हात लावला, "अरं, आमचा जन्म हरळी खणण्यात गेला आन् तू पाणी घालून वाढवतुयास व्हय?" पण हिशोब बघा ना, खाऱ्या पाण्याला ती दबत नाही, उन्हात पसरते आणि एक पैसा लागत नाही. फक्त सावलीत येत नाही, आंब्याखाली मी नाद सोडला, तिथं फरशी टाकली.

आता पाण्याचं. उन्हाळ्यात मी चार दिवसांनी एकदा देतो, पहाटे, पण वीतभर खोल मुरेपर्यंत. द्यायच्या आधी मोठा स्क्रूड्रायव्हर जमिनीत खुपसतो, सहज गेला तर पाणी नाही, अडला तर नळी. एप्रिल-मेमध्ये गवत दोन इंच ठेवतो, बारीक कापलं की माती उघडी पडून भेगाळते, बोट जाईल एवढ्या भेगा. पात्याचा एक तृतीयांशापेक्षा जास्त भाग एका वेळी कापायचा नाही, पिक्चरमधल्यासारखं गुळगुळीत करायला गेलं की गेलं. वळीव झाला की वाफशावर गार्डन फोर्कनं भोकं पाडायची आणि चाळलेलं शेणखत आणि जाड वाळू निम्मी निम्मी झाडून घालायची. वर्षातलं खरं काम हे एवढंच.

पावसाळ्यात गवतावर पाय ठेवायचा नाही, ओली काळी माती दाबली की वर्षभर उठत नाही, नातवंडांना सांगून दमलो. गेटकडं एक छोटा पाट काढलाय, साठलेलं पाणी तिकडनं जातं. आणि एखादा पट्टा अचानक वाळला, हातानं धरल्यावर गोधडीसारखा उचलून आला, तर ते पाणी कमी नाही, हुमणी आहे, खाली पांढऱ्या अळ्या सापडतील. उसवाल्यांना सांगायची गरज नाही. वळवाच्या पहिल्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंबावर हुमणीचे भुंगेरे जमतात, तेव्हाच फांद्या हलवून गोळा करून रॉकेलच्या पाण्यात टाकले की अर्धं काम झालं. थंडीत काही करू नका, रंग उतरतो, वाढ थांबते, खत तर अजिबात नको.

गणपतीच्या आधी पंधरा दिवस मी एक कोपरा कापत नाही. चतुर्थीला सकाळी सहापासून गल्लीतली पोरं परड्या घेऊन येतात, 21 दूर्वांची जुडी प्रत्येकाला पाहिजे असते, म्हणून औषधाचा फवारा त्या कोपऱ्याला वर्षभर नाही.

मामा मागच्या महिन्यात परत आले होते. चप्पल काढून पाच मिनिटं हरळीवर नुसते उभे राहिले, काही बोलले नाहीत. जाताना गेटात चपलेचे तळवे नीट झाडले आणि म्हणाले, "ह्यातली एक काडी आमच्या रानात आली तर बघ."

आपला,
एक नियमित वाचक, शामरावनगर, सांगली