सरासरी बरोबर, तरी लाल फुली

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

"घरबसल्या डिग्री" असल्या जाहिराती हल्ली तुमच्या पेपरात दिवसाआड असतात, त्यावरून लिहितेय. मी देवगड तालुक्यातली, वय ३८. आंब्याच्या वखारीत हिशेब आणि पेट्यांच्या नोंदी माझ्याकडे असतात. बीकॉम सेकंड इयरला सुटलं होतं (लग्न, मग सासऱ्यांचं आजारपण, जाऊ दे ते), यंदा परत नाव घातलं तर कॉलेजनं स्टॅटिस्टिक्सचा विषय ऑनलाइन लावून दिला. पोर्टल कुठलं, कॉलेज कुठलं ते लिहीत नाही, कारण मला कुणाचं नाव खराब करायचं नाही, मला एक खोली मागायची आहे, ती कशासाठी ते पुढे सांगते.

आधी चांगलं सांगते. व्हिडिओ थांबवता येतो, मागे नेता येतो, एकच गोष्ट सात वेळा ऐकली तरी कुणी "कितीदा सांगायचं" म्हणत नाही. रात्री भांडी झाली की साडेदहाला मी बसायची. शिकवणारे सर हुशार होते, बोलायचे पण छान. पण सगळं इंग्लिशमधून, आणि उदाहरणं डॉलरची, नाहीतर इंचातल्या उंचीची, नाहीतर बेसबॉलची. मी मराठी मिडियमची, दहावीला मध्य, मध्यक, बहुलक असं शिकलेली, आणि हे मीन, मीडियन, मोड म्हणजे तीच आपली जुनी माणसं आहेत हे कळायला मला तीन दिवस लागले!

आता खरं दुखणं. चौथ्या आठवड्यात स्टँडर्ड डेव्हिएशन आलं, म्हणजे प्रमाण विचलन, आकडे सरासरीच्या आजूबाजूला किती पसरलेत त्याचं माप. गणित सोपं होतं, पाच आकडे दिलेले. मी म्हटलं आकडे आपण आपले घेऊन आधी सराव करू, म्हणून वखारीतले पाच हापूस वजन काट्यावर ठेवले. २१०, २४०, २५०, २६० आणि २९० ग्रॅम. सरासरी २५०. मग प्रत्येकाचा सरासरीपासून फरक काढायचा, त्याचा वर्ग करायचा, बेरीज ३४००, पाचने भागलं ६८०, वर्गमूळ २६.०८. झालं की, म्हणून त्याच रीतीनं पोर्टलवरचं गणित केलं, उत्तर टाईप केलं आणि लाल फुली. परत केलं, परत तेच उत्तर, परत लाल फुली. दोनच चान्स होते. बुधवार रात्री ११:५९ ची मुदत, त्यात घरात रेंज येत नाही म्हणून मी सड्यावर (वरच्या कातळाच्या माळावर) मोबाईलच्या उजेडात वही घेऊन बसलेली, वारा असा की पान धरायला एक हात गेला. मार्क गेले त्याचं एवढं नाही, पण चुकलं काय ते कुणी सांगेना. परत व्हिडिओ बघितला तर त्यात सर एका वाक्यात म्हणून गेलेत की सॅम्पल असेल, म्हणजे सगळ्यांतले थोडेच नमुने घेतले असतील, तर एनने (जेवढे आकडे तेवढ्याने) नाही, एन वजा एकने भागायचं. का? ते नाही. पुढची स्लाइड.

तीन दिवस मी त्या वजा एकमागे होते. कॅल्क्युलेटरवर बघितलं तर त्यावर पण दोन बटणं, एक एनचं, एक एन वजा एकचं. एक्सेलमध्ये पण दोन फॉर्म्युले, एकाच्या शेवटी एस, दुसऱ्याच्या शेवटी पी. म्हणजे सगळ्या जगाला माहीत आहे, मला सोडून.

शेवटी आमच्या वाडीतल्या रिटायर गुरुजींकडे गेले. ते खळ्यात सुपाऱ्या सोलत होते. त्यांनी कागद पण मागितला नाही, पाच आंबे मांडायला लावले आणि म्हणाले फरक सांग. मी म्हटलं वजा ४०, वजा १०, शून्य, अधिक १०, आणि... मला थांबवलं त्यांनी. म्हणाले, "अगो, चार आंब्यांचो फरक म्हाईत झालो काय पाचव्याचो आपसूक ठरता, तेका परत मोजतंस कित्याक?" आणि खरंच की, सरासरी त्याच आंब्यांवरून काढली म्हटल्यावर फरकांची बेरीज शून्य व्हायलाच हवी, म्हणजे पाचवा अधिक ४० च येणार, त्याला स्वतःचं काही सांगायचंच नाही. मोकळे चारच. आणि सरासरी पण ह्या पाचांतूनच आलेली, ती ह्यांच्याच बाजूला झुकणार, म्हणून फरक खऱ्यापेक्षा जरा लहान दिसतात, ते चारने भागून सावरून घ्यायचं. ३४०० भागिले चार ८५०, वर्गमूळ २९.१५. पाच मिनिटं लागली संपादक साहेब, त्यातली दोन चहा ओतण्यात गेली.

मग मीच पुढचा ढीग केला, निवडलेला, एकसारखा. २४८, २४९, २५०, २५१, २५२. सरासरी परत २५०, पण विचलन फक्त १.५८. वाशीचा व्यापारी कुठल्या पेटीला जास्त भाव देईल ते आमच्याकडच्या शेंबड्या पोराला पण कळतं, मग सरासरी दोन्हीकडे तीच असून काय उपयोग. हे मला फॉर्म्युल्यानं नाही कळलं, हातात धरल्यावर कळलं.

सॅम्पलिंगचं पण तेच. हापूसमध्ये साका असला, म्हणजे आतला गर खराब झालेला असला, तर बाहेरून काही दिसत नाही, कापल्यावरच कळतं, आणि सगळे कापले तर विकायचं काय? म्हणून पेटीतले दोन कापायचे आणि बाकीच्यांचा अंदाज बांधायचा. आमच्या वखारीतल्या बायका हे वर्षानुवर्षं करतायत, त्यांना कुणी सांगितलं नाही की ह्याला इन्फरन्स म्हणतात. दोनच का, दहा का नाही, वरच्या थरातलेच का, पेंढ्याखालचे का नाही, हे प्रश्न खरे स्टॅटिस्टिक्सचे. व्हिडिओत मला सगळ्यात आवडला तो गॉसेट नावाचा माणूस, डब्लिनला गिनेसच्या बियरच्या कारखान्यात होता, थोड्याच नमुन्यांवरून अंदाज कसा बांधायचा ह्याच विवंचनेत, आणि १९०८ साली त्यानं "स्टुडंट" ह्या टोपणनावानं ते छापलं. टी टेस्ट म्हणतात ती त्याचीच. बियरवाला म्हटल्यावर मला एकदम वखारीतलाच वाटला. आपले पां. वा. सुखात्मे, सातारा जिल्ह्यातले, त्यांनी तर पिकाच्या उताऱ्याचा अंदाज सॅम्पलिंगनं घेण्यावर काम केलं आणि पुढे एफएओत, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेत गेले, पण कोर्समध्ये त्यांचं नाव पण नव्हतं.

कुणी म्हणेल तुला ह्या वयात हे कशाला. तर आमच्याकडे फळपीक विमा हवामानावर असतो, अवकाळी पाऊस किती, तापमान किती चढलं, ते महसूल मंडळाच्या हवामान केंद्राच्या आकड्यावर ठरतं. केंद्र एका जागी, बागा कुठे कुठे, एक खाडीकाठी, एक सड्यावर. एका जागचा आकडा सगळ्या मंडळाला कितपत लागू पडतो हे विचारायचं तर ह्या विषयातलं चार अक्षरं यायला हवीत, नुसतं "अन्याय झाला" म्हणून कोण ऐकतं.

आता मागणी. यूजीसीनं (विद्यापीठ अनुदान आयोगानं) २०२१ साली नियम केलाय, सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय स्वयम् ह्या सरकारी पोर्टलवरून ऑनलाइन घेता येतात. म्हणजे हे वाढतच जाणार. मला त्याचं वाईट वाटत नाही, देवगडहून रोज कॉलेजला जाणं मला कधीच जमलं नसतं. पण तालुक्याच्या गावी वाचनालयात म्हणा, हायस्कूलमध्ये म्हणा, शनिवारी दोन तास एक खोली उघडी ठेवा, नेट चालू, आणि एक माणूस ज्याला "का" विचारता येईल. नवीन पोस्ट काढायची पण गरज नाही, रिटायर गणित शिक्षक प्रत्येक वाडीत सापडतील, त्यांना मानधन द्या. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सिंधुदुर्गातली एक मुलगी डोंगरावर झोपडी बांधून क्लास करायची, तिचं कौतुक सगळ्यांनी केलं, मी पण केलं. पण तिला झोपडी बांधायला लागली ह्याची लाज वाटल्याचं मी कुठे वाचलं नाही. अजून पाऊस सुरू झालेला नाही तरी हे हाल आहेत, जूनमध्ये लाईट दोन दोन दिवस जाते तेव्हाच्या बॅचचं काय होईल देव जाणे.

आणि कोर्स बनवणाऱ्यांना एवढंच, लाल फुलीच्या खाली दोन ओळी लिहा ना, "तुम्ही एनने भागलंय का बघा." एवढं कॉम्प्युटरला जमायला हरकत नसावी.

रविवारी माझी परीक्षा आहे, सेंटर कोल्हापूरला आलंय, गगनबावड्याकडून रस्ता बंद असला तर फोंडा घाटातून जावं लागेल. कॅल्क्युलेटरमध्ये नवीन सेल घातलेत. पत्र लांबलंय, जागा नसेल तर बियरवाल्याचं खुशाल कापा, शनिवारच्या खोलीचं तेवढं ठेवा.

आपली,
एक वाचक, ता. देवगड